पोर्टलचं पॅकेज सोडलं तर पैसे कशात घालावेत? (डोंबिवली, रीसेल आणि भाडं)

फडकेरोडवाला

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमची इस्टेट एजन्सी आहे. मुख्य काम रीसेल आणि भाड्याचं, मधूनमधून नव्या प्रोजेक्टची बुकिंगं. बाबांनी सुरू केली, आता मी पूर्णवेळ बघतो. "१ बीएचके, रामनगर, ताबडतोब ताबा" असा बोर्ड दुकानाबाहेर अजून लागतो, पण तो वाचून आत येणारं गिऱ्हाईक जवळपास थांबलंय. घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलचं पॅकेज दरवर्षी महागतं आणि एकच लीड (चौकशी करणाऱ्याचं नाव-नंबर) किती जणांना जाते ते कळत नाही. आम्ही फोन लावतो तोवर समोरचा माणूस वैतागलेला असतो.

मागच्या महिन्यात एक जोडपं आलं. एआयला विचारून त्यांनी सगळं आधीच काढलं होतं: साठ लाखांत कुठला भाग, हप्ता किती, स्टँप ड्युटी किती. पोर्टल उघडलंच नव्हतं. पण ज्या गल्लीचं नाव घेऊन आले, तिथल्या निम्म्या इमारतींना लिफ्ट नाही, आणि सोबत गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई राहणार होती. ते त्यांना माझ्याकडून पहिल्यांदा कळलं.

लोकांना उत्तर परस्पर मिळणार असेल तर आम्ही दिसायचं कुठे? थ्रीडी टूर, रील, चॅटबॉट, वेबसाइट, रोज कुणीतरी काहीतरी विकायला येतं. बजेट लहान आहे. बाबांचं मत, ओळखी असल्या की पुरे. तुम्ही काय कराल?

चावीवाली ताई (ठाणे)

तू त्या जोडप्याला लिफ्टचं सांगितलंस ना, तेच तुझं मार्केटिंग. आज ते फक्त दुकानात येऊन बसलेल्याला ऐकू येतं. ते लिहून वेबवर ठेव. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी नौपाडा-पाचपाखाडीत रीसेल करते. फोटोत सगळे फ्लॅट सारखेच दिसतात, पांढऱ्या भिंती आणि ग्रॅनाइटचा ओटा. गिऱ्हाईक विचारतं ते निराळंच. पाणी किती वाजता येतं? ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का? कन्व्हेयन्स झालंय, की जमीन अजून बिल्डरच्याच नावावर? झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचा, अर्ज तरी केलाय का? पुनर्विकासाची नुसती चर्चा आहे, की सहकार कायद्याच्या कलम ७९अ च्या नियमांप्रमाणे सभा होऊन ठराव झालाय? पार्किंग कागदावर आहे की तोंडी? मी फ्लॅटची जाहिरात करण्याआधी त्या सोसायटीचं पान करते. फ्लॅट विकला जातो, जाहिरात काढावी लागते, पण सोसायटीचं पान राहतं, आणि पुढच्या वेळी त्याच इमारतीतला मालक आपण होऊन फोन करतो. सेक्रेटरीशी बाबांची ओळख आहे ना? मग ही माहिती तुझ्याइतकी सहज कुणालाच मिळणार नाही. बाबांचं म्हणणं बरोबरच आहे, ते फक्त वहीतून बाहेर यायला हवं.

तुमच्याकडे तर याची निकड जास्त. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या परवानगीचे बनावट कागद देऊन महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मिळवला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथे माणसं राहत होती, कर्जाचे हप्ते चालू होते. म्हणून सांगते, नुसत्या महारेरा क्रमांकावर थांबू नकोस. बांधकाम परवानगीचा क्रमांक मिळव, पालिकेत पडताळून घे, आणि कधी पडताळलं ती तारीख पानावर टाक. गिऱ्हाईक एआयला कितीही प्रश्न विचारो, पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन उभं तुलाच राहायचंय.

नव्या प्रोजेक्टचं काम करतोस तर तुझा स्वतःचा महारेरा एजंट क्रमांक प्रत्येक पानावर हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रोजेक्टच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. बिल्डरने पाठवलेलं चित्र कापून, वर स्वतःचा फोन नंबर चिकटवून फिरवणारे एजंट नेमका तो कोडच कापून टाकतात. तसं कधी करू नकोस.

आणि एआयने सजवलेले फोटो. रिकाम्या खोलीत सोफा दाखवायचा तर दाखव, पण तसं स्पष्ट लिही आणि मूळ फोटो शेजारी ठेव. खिडकीसमोरची भिंत पुसून झाडं लावणं ही फसवणूक आहे, मग साधन कितीही नवं असो. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते. "मेट्रोपासून ५ मिनिटं" हेही त्यातलंच. कल्याण-तळोजा मेट्रोचं काम चालू असताना तसं लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

कोडकरी

ताईंच्या सोसायटीच्या पानाला माझं शंभर टक्के अनुमोदन. मी वेबसाइट बनवतो, त्यामुळे तेवढ्याच बाजूने बोलतो.

तुमची सगळी माहिती सध्या कुठे असते? व्हॉट्सॲप स्टेटसवर, जे २४ तासांत जातं. किंवा लाल-पिवळ्या जेपीजीत, जिथला मजकूर शोधयंत्राला नीट मिळेलच असं नाही. किंवा पोर्टलवर, जिथे ती तुमच्या नावाने उरत नाही. एआय जी उत्तरं देतं ती वेबवर सापडणाऱ्या मजकुरातूनच येतात. "अमुक रस्त्यावर लिफ्ट असलेली इमारत" हे कुणी लिहिलंच नसेल तर ते उत्तरात येणार कुठून?

तेव्हा स्वतःचं डोमेन घ्या आणि साधी एचटीएमएल पानं करा. बरेच एआय क्रॉलर (वेबवरची पानं वाचत फिरणारे प्रोग्राम) जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. म्हणजे दिसायला झकास, पण सगळा मजकूर स्क्रिप्टने नंतर भरणारी साइट त्यांना कोरी दिसते. वेबसाइटवाला आला की त्याला हा प्रश्न पहिला विचारा. शिवाय स्कीमा डॉट ऑर्गच्या शब्दसंग्रहात (पानावर काय आहे ते यंत्राला सांगायच्या ठरलेल्या खुणा) इस्टेट एजंट आणि घराची जाहिरात यांच्यासाठी वेगळे प्रकार आहेत, जाहिरात कधी टाकली ते सांगायची जागाही आहे. ते पानाच्या कोडमध्ये भरायला सांगा. वरच्या क्रमांकाची हमी त्याने मिळत नाही, पण ही जाहिरात आहे, ही तारीख, हा एजंट, एवढं यंत्राला अंदाज न बांधता कळतं. गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. दुकानाचं नाव, पत्ता, फोन तिथे आणि साइटवर अगदी एकसारखे ठेवा.

मजकूर मराठीतच लिहा, गल्लीला लोक ज्या नावाने ओळखतात त्याच नावाने.

चॅटबॉटवर आत्ता पैसे घालू नका. त्याऐवजी प्रत्येक पानावर व्हॉट्सॲपची क्लिक-टू-चॅट लिंक द्या, तीत "मला अमुक सोसायटीबद्दल विचारायचंय" असा मजकूर आधीच भरलेला असू द्या. माणूस कुठलं पान वाचून आला ते आपोआप कळतं, कसली कुकी लागत नाही, आणि ही लीड तुमच्या एकट्याची असते.

थ्रीडीचं म्हणाल तर थांबा. २०२३ मध्ये गॉशियन स्प्लॅटिंग म्हणून एक तंत्र आलं. मोबाईलवर घेतलेल्या साध्या व्हिडिओतून आख्खी खोली उभी राहते आणि ब्राउझरमध्ये फिरून बघता येते. हे झपाट्याने स्वस्त होतंय. आज महागडा करार करून कुणाच्या कॅमेऱ्यात अडकू नका.

मस्कतकर

मी एजंट नाही, गिऱ्हाईक आहे. मस्कतला नोकरी करतो. आईबाबा डोंबिवली पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या घरात होते. त्यांच्यासाठी इथे बसून घर शोधलं, म्हणून लिहितोय.

थ्रीडी टूर मी भरपूर पाहिल्या. खोलीचा अंदाज येतो हे खरं, पण त्यात रस्ता नसतो, आवाज नसतो. ज्या एजंटकडून घर घेतलं त्याने स्टेशनच्या जिन्यापासून इमारतीच्या दारापर्यंत चालत, न कापलेला व्हिडिओ पाठवला. वाटेत रस्ता कुठे उखडलाय, रिक्षा कुठे मिळते, गाळ्यात चक्की आहे, सगळं दिसलं. मग दार उघडून लिफ्टमध्ये खुर्ची ठेवून दाखवली, कारण बाबांना वॉकर लागतो हे मी बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. शेवटी संध्याकाळी सातला बेडरूमच्या खिडकीत फोन धरून उभा राहिला. लोकलचा आवाज किती येतो ते मी इथे कानाने ऐकलं.

किमतीचंही सांगतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मी त्याच इमारतीतले आधीचे व्यवहार सूची २ मध्ये (नोंदवलेल्या व्यवहाराच्या उताऱ्यात) पाहिले होते. त्या एजंटने आकडा सांगताना आपण होऊन त्याच व्यवहारांचा दाखला दिला, आणि हा फ्लॅट थोडा महाग का, तेही सांगितलं: वरचा मजला, पूर्वेची गॅलरी. तिथे माझा विश्वास बसला. दर आता सगळ्यांनाच पाहता येतात, तेव्हा ते लपवून ठेवणारा एजंट मला तरी नको.

फडकेरोडवाला

खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. पुढचं पॅकेज घेत नाहीये. बाबांना ताईंचं उत्तर वाचून दाखवलं, त्यांनी लगेच टिळकनगरमधल्या सोसायट्यांची नावं सांगायला सुरुवात केली. एक शंका आहे. व्हिडिओत मालकांचं सामान, देवघर, मुलांचे फोटो येतात. भाड्याच्या घरात तर भाडेकरू राहत असतात. आणि माझ्या फोनमध्ये जुन्या भाडेकरूंच्या आधारच्या प्रती पडून आहेत. याचं काय करायचं?

चावीवाली ताई (ठाणे)

आधारच्या प्रती आजच काढून टाक, करार नोंदवून झाला की त्या तुझ्याकडे राहायचं कारण नाही. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, आणि तो नसता तरी दुसऱ्याचे कागद आपल्या फोनमध्ये पडून असणं बरं नव्हे.

व्हिडिओ काढण्याआधी मालकाची लेखी परवानगी घे, व्हॉट्सॲपवरचा स्पष्ट होकारही ठेवून दे. भाडेकरू राहत असेल तर त्यालाही विचार, तो नको म्हणाला तर घर रिकामं होईपर्यंत थांब. देवघर आणि भिंतीवरचे फोटो कॅमेऱ्यात येणार नाहीत असा कोन धर. फ्लॅट नंबर कधीच टाकू नकोस, एकट्या राहणाऱ्या आजींच्या घराचा तर मजलाही नको. आणि टोकन झालं की त्याच दिवशी व्हिडिओ उतरव, पानावर "गेला" असं तारखेसह लिही. टिळकनगरची पहिली दोन-तीन पानं झाली की इथे टाक, मी वाचून सांगते काय राहिलंय.