जपानी माणसं आणि इस्लाम : तुम्ही काय पाहिलंत?

निशिकासाईकर : जपानी मुसलमान म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न "असतात का?" मीही तोच विचारायचे. मग लेकीच्या होईकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात, एक आई भेटली, ओसाकाची, नवरा इंडोनेशियन पण ही लग्नाआधीच मुसलमान झालेली. हिजाब घालते. दुकानात, स्टेशनवर सगळे तिच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात आणि तिने जपानीत उत्तर दिलं की "निहोंगो जोझु देसु ने", जपानी छान बोलता हो! पणजोबांपासून ओसाकाची आणि जपानी येतं म्हणून हिला शाबासकी. ती हसते, पण रोज किती हसणार. तर तुमचे अनुभव लिहा, ऐकीव नको.

दापोलीवाला : ताई, मी कोकणी मुसलमान, जपानच्या आयची प्रांतात सहा वर्षं झाली. सुरुवातीचे महिने पाकिटांच्या मागचं वाचण्यात गेले. 'डुक्कर'ची कांजी, म्हणजे जपानी लिपीतली खूण, पाठ केली, वाटलं सुटलो, कसलं काय! ब्रेडमध्ये शॉर्टनिंग म्हणजे घट्ट केलेलं तेल नाहीतर चरबी, बिस्किटात न्युकाझाई म्हणजे इमल्सिफायर, ते सोयाबीनचं की चरबीचं देव जाणे, भाजीत मिरिन म्हणजे स्वयंपाकाची गोड दारू, कितीतरी सोया सॉसमध्येपण अल्कोहोल. शेवटी ग्योमु सुपर या दुकानाची ब्राझीलवाली हलाल कोंबडी आणि अम्मीने दिलेला मसाला यावर संसार चालतो. एकदा ऑफिसात वुजू, म्हणजे नमाजाआधीची हातपाय धुणी, करताना पाय बेसिनमध्ये आणि मागे साहेब उभे. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाखाली प्लास्टिकची बादली आणि स्टोअररूमची चावी. रमजानात मात्र दरवर्षी तोच प्रश्न, तेच गोल डोळे, "मिझु मो दामे?" पाणीपण नाही?

सुटीबहाद्दर : मी नुसता टुरिस्ट. कोबेची मशीद पाहिली, १९३५ ची, जपानमधली पहिली. हिंदुस्थानी व्यापारी आणि रशियातून पळून आलेले तातार मुसलमान यांच्या वर्गणीतून झाली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात आजूबाजूचं जळालं, ही उभी, १९९५ च्या भूकंपातही उभी. त्याच किटानो भागात जैन देरासर पण आहे, तिथे आपल्यासारखी माणसं दिसल्यावर बरं वाटलं, जेवायला मात्र कोणी बोलावलं नाही 😀

जुनीकात्रणं : मुंबईचा एक धागा कुणाला माहीत नसतो म्हणून लिहितोय. हजला गेलेला पहिला जपानी म्हणून ज्याचं नाव घेतात तो यामाओका १९०९ मध्ये मुंबईत मुसलमान झाला, अब्दुर्रशीद इब्राहिम या तातार विद्वानाच्या सोबतीने, आणि ओमर यामाओका होऊन मक्केला गेला. भाबडी कथा नाही हां, जपानी लष्कराला तेव्हा मुसलमान मुलखांत दोस्त हवेच होते. टोकियोची मशीद १९३८ ची, ती उघडली तेव्हाही हेच राजकारण, आणि इमाम कोण तर हेच म्हातारे इब्राहिम. ती इमारत १९८६ ला पाडली, आताची तुर्की थाटाची २००० ची.

पुणे_ते_बेप्पू : सगळे खाण्यावर बोलतायत, मी मेल्यानंतरचं बोलते. जपानात जवळपास प्रत्येकाचं दहन होतं. दफनाला देशभर बंदी नाही, पण जागा? मुसलमान कबरस्तानं मोजकीच. शिकत असताना आमच्या ओळखीच्या एका बांगलादेशी कुटुंबातलं बाळ गेलं तर गाडीने रात्रभर नेलं, मी मागच्या सीटवर होते, त्या आईने सगळा रस्ता बाळाची पेटी मांडीवरून खाली ठेवला नाही. इथे बेप्पूजवळच्या हिजी गावात कबरस्तानाचा वाद वर्षानुवर्षं चालला, लोकांना पिण्याच्या पाण्याची भीती, आणि २०२४ ला जे महापौर निवडून आले ते जमीन द्यायच्या विरोधातले. त्याच गावातल्या ट्रॅपिस्ट मठाने, म्हणजे ख्रिश्चन साधूंनी, आपल्या स्मशानात मुसलमानांना जागा दिली होती. गंमत म्हणजे मेजी सरकारने १८७३ ला उलट दहनावरच बंदी घातली होती, दोन वर्षांत मागे घेतली.

दापोलीवाला : @पुणे_ते_बेप्पू हे वाचून गप्प झालो. गाववाल्यांना सरसकट वाईट म्हणवत नाही, आमच्याकडेही विहिरीजवळ कुणी काही करायला निघालं तर गाव उठेल. पण मग पुरायचं कुठे ते तरी सांगा ना.

निशिकासाईकर : काल त्या ओसाकावालीला विचारलं, धीर करून. म्हणाली धर्म बदलला तेव्हा आईने चकार शब्द काढला नाही, नाव बदललं तरी नाही. पण नंतर एकदा ओहिगानला, म्हणजे पूर्वजांच्या दिवसांत, घरच्या कबरीवर, ओहाकावर, पाणी घालायला गेल्या तेव्हा आईच्या लक्षात आलं की जाळायचं नाही म्हणजे हिची राख इथे येणार नाही, आजी-आजोबांबरोबर ही नसणार. तिथेच रडली. पुढच्या रविवारी पोरीकडे डबा घेऊन आली, भोपळ्याची भाजी, आणि दारातच सांगितलं, मिरिन नाही घातलेलं, साखर घातलीय, गोडसर झालंय जरा.