शेतकरी कंपनीचं ऑफिस: विंडोज, ऑफिस, टॅलीचं लायसन्स कसं घ्यावं?

दारव्हा_एफपीसी
नमस्कार मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सोयाबीन-तुरीची खरेदी आणि ग्रेडिंग. ऑफिसात तीन डेस्कटॉप दुकानदाराने जोडून दिलेले, दोन ब्रँडेड लॅपटॉप. डेस्कटॉपवर विंडोज आणि ऑफिस 'टाकून' मिळाले, बिलात कशाचाच उल्लेख नाही. हिशेबाला टॅली ईआरपी ९ सिल्व्हर (एका वेळी एकच जण) आहे, टीएसएस (टॅलीच्या अपडेटची वर्गणी) संपलेले. ऑडिटर म्हणतात, मार्चच्या आत सगळं लायसन्सवर आणा. संचालक म्हणतात, नेटवर पाचशे रुपयांत 'की' (सॉफ्टवेअर चालू करायचा कोड) मिळते, मग एवढा खर्च काहून? हंगामात दोघांना एकाच वेळी टॅलीवर बसावं लागते. नेटचा भरोसा नाही. सुरुवात कुठून करावी?

खतावणी
टॅलीपासून. तुम्ही कंपनी कायद्याखाली आहात, पतसंस्था नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कोणती नोंद कधी बदलली याची आपोआप नोंद) असलाच पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. ऑडिटरला हे अहवालात लिहावं लागते, म्हणून ते मागे लागले. ईआरपी ९ मध्ये ही सोय नाही. टीएसएस रिन्यू करा, त्याच सिरियल नंबरवर टॅलीप्राइम मिळते. पण उतरवताना 'टॅलीप्राइम एडिट लॉग' हीच आवृत्ती घ्या. साध्या टॅलीप्राइममध्ये लॉग बंद करता येतो, म्हणजे अट पूर्ण होत नाही. डेटा नव्या आवृत्तीत नेण्याआधी बॅकअप दोन ठिकाणी.

दोघांना बसायचं तर गोल्ड लागेल. किंमत सिल्व्हरच्या साधारण तिप्पट, पण सिल्व्हर आहे म्हटल्यावर फरक भरून अपग्रेड होते. दुसरं सिल्व्हर घेऊन भागणार नाही, एकाच डेटावर दोघं बसता येत नाही. गोल्डमध्ये एका लॅनवर (ऑफिसातल्या जोडलेल्या कॉम्प्युटरवर) कितीही जण चालतात.

लायसन्स ज्या मशिनवर बसते तिला यूपीएस द्याच. लाइट गेली आणि ती बंद पडली की बाकीचे कॉम्प्युटर एज्युकेशनल मोडमध्ये जातात, मग महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी होतात. काट्यावर गाड्यांची रांग आणि इकडे पावती निघत नाही. मशिन फॉरमॅट करण्याआधी टॅलीतूनच लायसन्स सरेंडर करा, म्हणजे त्या मशिनवरून सोडवून घ्या. आणि लायसन्सचा ॲडमिन ईमेल कोणाचा आहे ते आजच पाहा. बहुतेक ठिकाणी तो विक्रेत्याचाच असतो. त्याच्याशी बिनसलं की आपलंच लायसन्स आपल्याला हलवता येत नाही.

लॅनवाला_पुसद
विंडोजचं असं आहे भाऊ. विंडोज आणि आर बटण एकत्र दाबा, छोट्या अक्षरात एसएलएमजीआर, मग जागा सोडून तिरपी रेघ आणि डीएलआय (slmgr /dli). लॅपटॉपवर 'ओईएम' (मशिनसोबतच आलेलं लायसन्स) दिसेल, ते बरोबर आहे, हात लावू नका. डेस्कटॉपवर 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' (मोठ्या संस्थांच्या घाऊक लायसन्सचा प्रकार) दिसलं आणि १८० दिवसांच्या आतली मुदत दिसली, तर समजा क्रॅक आहे. नुसती की बदलून चालत नाही, क्रॅक टाकताना बहुतेक वेळा डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद केलेला असतो. डेटा काढून कोरं इन्स्टॉलेशन करा.

पाचशेवाली की बहुधा दुसऱ्या कोणाच्या व्हॉल्यूम कराराची किंवा भंगारातल्या मशिनची असते. आज चालते, उद्या ब्लॉक होते, आणि पक्कं बिल नसल्यामुळे ऑडिटरपुढे तिची किंमत शून्य. आणि खरं व्हॉल्यूम लायसन्ससुद्धा विंडोजपुरतं फक्त अपग्रेड असते, खाली मूळ लायसन्स लागतेच. जोडलेल्या मशिनला रिटेल (सुटं विकत मिळणारं) घ्या. ओईएम मदरबोर्डला बांधलेलं असते, आणि आपल्याकडच्या व्होल्टेजमध्ये बोर्ड किती टिकते ते सांगायला नको. रिटेल दुसऱ्या मशिनवर नेता येते. डोमेन (सगळ्या कॉम्प्युटरचं लॉगिन एका सर्व्हरवरून) लावायचं नसेल तर विंडोज होम पुरते, धंद्यात वापरायला मनाई नाही.

पण थांबा, आधी प्रोसेसर पाहा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा नंतरची लागते. त्यापेक्षा जुनं असेल तर त्यावर लायसन्सचा पैसा घालू नका, विंडोजसह ब्रँडेड डेस्कटॉपच घ्या.

दारव्हा_एफपीसी
दोन डेस्कटॉप चौथ्या पिढीचे निघाले, एक दहाव्या. ऑफिसचं काय? जुने ठराव श्रीलिपीत (युनिकोडआधीच्या मराठी फॉन्टमध्ये) आहेत.

वर्धा_मार्गे
मग रिटेल विंडोज एकच लागेल. ऑफिस पाचही ठिकाणी नको. एक्सेलच्या मॅक्रोच्या फायली आणि जीएसटीचं ऑफलाइन टूल जिथे चालते तिथे एक-दोन घ्या, बाकीकडे लिबरऑफिस मोफत आहे आणि कंपनीत वापरायला चालते. श्रीलिपीचा फॉन्ट नसलेल्या मशिनवर ठराव गचाळ दिसतील. फॉन्टलाही लायसन्स असते, म्हणून जुनं वाचायला एक मशिन ठेवा आणि नवीन ठराव युनिकोडमध्ये लिहा.

दुकानदार स्वस्त म्हणून ऑफिसचं जुनं 'होम अँड स्टुडंट' देईल, ते धंद्यासाठी नाही. 'होम अँड बिझनेस' एकदाच घ्यायचं, एका कॉम्प्युटरपुरतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्ड माणसागणिक असते, एकाला पाच कॉम्प्युटरवर चालते, पण दरवर्षी पैसे आणि महिन्यातून एकदा तरी नेटला जोडावं लागते. तुमच्या नेटकडे पाहता 'होम अँड बिझनेस'च बरं. ३६५ बिझनेस बेसिकच्या भानगडीत पडू नका, ते ब्राउझरवर चालते.

संचालकांसाठी: कॉपीराइट कायदा, कलम ६३ ब. जाणूनबुजून नकली प्रत वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. कलम ६९ मुळे कंपनीबरोबर कारभार पाहणारेही जबाबदार. प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या, मग पाचशेच्या कीचा विषय निघणार नाही.

बिलावर 'कॉम्प्युटर सेट १ नग' असं चालवून घेऊ नका. सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, नग वेगळ्या ओळीत, १८ टक्के जीएसटी आणि कंपनीचा जीएसटी नंबर पाहिजे. सगळी खाती कंपनीच्या ईमेलवर उघडा, सीईओच्या खाजगी जीमेलवर नाही, सीईओ बदलतात. कोणतं लायसन्स कोणत्या मशिनवर, बिल नंबर, तारीख: डेडस्टॉक रजिस्टरमध्येच एक पान करा.