मदत हवी आहे: संशोधनाची बातमी फळ्यावर लिहिण्याआधी काय तपासावं?

नमस्कार मंडळी,

आरमोरी तालुक्यात आमच्या गावच्या वाचनालयाबाहेर फळा आहे. त्यावर पेपरातल्या बातम्या लिहायचं काम माझ्याकडे. राजकारण, पाऊस, धानाचा भाव, यात काही अडत नाही. घोळ होतो 'संशोधकांचा दावा' आला की.

सध्या मोबाइलवर एक कात्रण फिरतंय: 'सिकलसेल आता कायमचा बरा!' सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आमच्याकडे एसएसचे, म्हणजे दोघांकडूनही तो दोष आलेले पेशंट बरेच. एका पोरीचे बाबूजी विचारायला आले, "ते सुई गडचिरोलीत कधी येते जी? गोळ्या बंद केल्या तर चालते का?" पोरीला हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू आहे.

भाच्याला शोधायला लावलं. बातमी खोटी नाही. कॅसजेवी नावाच्या जनुकीय उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजुरी दिली, तीही १२ वर्षं आणि त्यापुढच्या पेशंटसाठी. ज्यांच्यावर पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं, अशा ३१ पैकी २९ जणांना किमान सलग वर्षभर तीव्र दुखण्याचा झटका आला नाही. पण ही सुई नव्हेच! पेशंटच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांचं जनुक बदलायचं, केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा (हाडांतला मगज) रिकामी करायची आणि मग त्या पेशी परत सोडायच्या. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. कात्रणात यातलं अक्षरही नाही.

इंग्रजी शोधनिबंध मला झेपत नाहीत. फळ्यावर जागा चार ओळींची. बघू काय, लिहू काय? की अशा बातम्या सोडूनच देऊ? पेपरवाले एवढं फुगवून काहून लिहितात?

पळसफूल: मी आशा कार्यकर्ती आहे. सोडू नका दादा, फळ्यावर नाही दिसलं तरी लोक मोबाइलवर वाचतातच. पहिली ओळ 'चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका' हीच लिहा, मग बाकीचं. आणि 'इथे मिळतं का, कोणाला, केवढ्याला' याचं उत्तर बातमीत नसेल तर तसंच लिहून टाका.

जुनाबातमीदार: सगळं खापर पेपरवर फोडू नका राव. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची प्रसिद्धिपत्रकं तपासणारा अभ्यास २०१४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता. प्राण्यांवरच्या संशोधनाच्या पत्रकांपैकी ३६ टक्क्यांत निष्कर्ष फुगवून माणसांना लावलेले निघाले. पत्रकातच असा फुगवटा असला की ८६ टक्के बातम्यांत तो उतरला, नसला तर १० टक्क्यांत. म्हणजे पाणी उगमालाच गढूळ. तालुक्याच्या वार्ताहराकडे तर ते तीनचार हातांतून येतं.

दुसरं, 'दुप्पट' वाचलं की विचारा, कशाच्या दुप्पट? १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळीने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका जुन्या गोळीच्या दुप्पट होतो अशी बातमी आली. प्रत्यक्षात ७,००० बायांत एकीच्या जागी दोघी. घाबरून कित्येकींनी गोळी सोडली आणि नको असलेली गरोदरपणं वाढली. फळ्यावर टक्के लिहूच नका, 'इतक्यांत इतके' लिहा.

धागाकर्ता: पळसफूल ताई, ती ओळ आजच लिहितो. पण जुनाबातमीदार, आजच्या पेपरात 'हळदीने कर्करोग आटोक्यात' आहे. 'शास्त्रज्ञांना आढळले' एवढंच दिलंय, उंदीर की माणूस काही पत्ता नाही. इंग्रजी न येणाऱ्याने हे कुठे बघायचं?