सल्ला हवा: ‘निकाल आधीच ठरलेला असतो’ म्हणणाऱ्या भावाला दीड तासात कोणत्या मॅच दाखवाव्यात?

तिसरी दोरी:
नमस्कार. माझा मोठा भाऊ मॅटवरची कुस्ती खेळलेला आहे. प्रो रेसलिंगचा विषय निघाला की ‘ज्याचा निकाल आधीच ठरलेला आहे ते पाहायचे कशासाठी?’ एवढे विचारून तो विषय संपवतो. त्याचा प्रश्न मला गैर वाटत नाही, पण त्याचे उत्तर वाद घालून देता येत नाही, त्यासाठी चांगली मॅचच समोर ठेवावी लागते. त्याने मला एका संध्याकाळचा दीड तास देऊ केला आहे. तेव्हा मॅच तीनपेक्षा अधिक नकोत, पूर्वपीठिका मला चार-पाच वाक्यांत सांगता यावी, आणि केवळ जिवावरच्या उड्यांसाठी गाजलेली मॅच नको, कारण रेसलर धाडसी असतात हे तो आधीपासूनच मान्य करतो. मला त्याला बुकिंग दाखवायचे आहे. कोणी, केव्हा आणि कशा रीतीने जिंकावे याचा कोणीतरी मनापासून विचार केला म्हणजे काय घडते, हे त्याला दिसावे एवढीच इच्छा आहे. कृपया वेळेची मर्यादा लक्षात घेऊन सुचवावे.

शार्पशूटर:
यावर फार विचार करण्याची गरज नाही. २३ मार्च १९९७ रोजी झालेल्या रेसलमेनिया १३ (डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम) मधील ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन ही मॅच दाखवा. सुमारे बावीस मिनिटांची सबमिशन मॅच, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला हार मानायला लावून जिंकायची मॅच, आहे आणि केन शॅमरॉक विशेष रेफरी आहे. मॅच सुरू होते तेव्हा ब्रेट हा लोकांचा लाडका बेबीफेस, म्हणजे नायक, आणि ऑस्टिन हील, म्हणजे खलनायक, असतो. मॅच संपते तेव्हा रक्तबंबाळ झालेला ऑस्टिन ब्रेटच्या शार्पशूटर या होल्डमध्ये (पकडीत) अडकूनही हार मानत नाही, शुद्ध हरपते म्हणून शॅमरॉक मॅच थांबवतो, आणि त्यानंतरही ब्रेट त्याच्या पायावर मारत राहतो, तेव्हा तेच प्रेक्षक ब्रेटची हुर्यो उडवून ऑस्टिनच्या नावाचा घोष करतात. हरलेला माणूस त्या रात्री नायक झाला आणि पुढची काही वर्षे संपूर्ण कंपनी त्याच्या खांद्यावर उभी राहिली. निकाल कोणी ठरवला यापेक्षा तो निकाल दोघांना कुठे नेऊन ठेवतो हे महत्त्वाचे असते, आणि ते इतक्या थोड्या वेळात दाखवणारी दुसरी मॅच मला ठाऊक नाही.

टेपसंग्राहक:
ऑस्टिनची मॅच उत्तम आहे, परंतु सुरुवात त्याच्याही दहा वर्षे मागून व्हायला हवी. २९ मार्च १९८७ रोजी पॉन्टिॲक सिल्व्हरडोममध्ये झालेल्या रेसलमेनिया ३ मधील रिकी स्टीमबोट विरुद्ध रँडी सॅव्हेज ही मॅच जेमतेम पंधरा मिनिटांची असूनही तिच्यात नियर-फॉलची, म्हणजे तीनची मोजणी पूर्ण होता होता सुटण्याची, जी मालिका आहे, ती आजच्या अनेकांना अर्ध्या तासातही जमत नाही. पूर्वपीठिकाही सोपी आहे. सॅव्हेजने रिंगच्या घंटेने स्टीमबोटच्या गळ्याला जायबंदी केले होते, आणि शेवटी तीच घंटा सॅव्हेजच्या अंगाशी येते. त्यानंतर रिक फ्लेअर आणि स्टीमबोट यांच्या १९८९ मधील फेब्रुवारी, एप्रिल आणि मे महिन्यांतल्या तीनही मॅच ओळीने दाखवाव्यात. माझ्याकडे या सर्व मॅचच्या मूळ टेप अद्याप आहेत आणि त्या काळचे समालोचन ज्यांनी तसेच्या तसे ऐकले आहे, त्यांना नवीन प्रतींतली उणीव लगेच जाणवते.

तिसरी दोरी:
टेपसंग्राहक, आपले आभार. मात्र एप्रिलची फ्लेअर–स्टीमबोट ही तीन फॉलची (आधी दोन फॉल मिळवणारा विजयी) मॅच एकटीच सुमारे पाऊण तासापेक्षा मोठी आहे. तीनही दाखवल्या तर दीड तास केव्हाच संपेल.

पंचताऱ्यांपलीकडे:
अमेरिकेबाहेर पाहिल्याशिवाय हा विषय पूर्ण होऊच शकत नाही. ४ जानेवारी २०१७ रोजी टोकियो डोममध्ये कझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा यांच्यात झालेल्या मॅचला मॅचना तारे देणारे रेसलिंग समीक्षक डेव्ह मेल्टझर यांनी सहा तारे दिले, आणि पाच ताऱ्यांची चौकट मोडणारी ती चर्चा अजून संपलेली नाही. पण ती एकटी पाहून भागणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये दोघांची पूर्ण साठ मिनिटांची बरोबरी झाली, ऑगस्टमध्ये ओमेगा जिंकला, आणि ९ जून २०१८ रोजी ओसाकामध्ये तीन फॉलच्या मॅचमध्ये त्याने अखेर विजेतेपद मिळवले. पहिल्या मॅचमध्ये वन-विंग्ड एंजल हा जो फिनिशर (मॅच संपवणारी खास चाल) ओमेगाला अखेरपर्यंत मारताच आला नाही, त्याची किंमत शेवटच्या मॅचमध्ये कळते. एका फिनिशरभोवती दीड वर्षे कथा उभी करणे याला मी बुकिंग म्हणतो. चारही मॅच क्रमाने दाखवाव्यात.

नियरफॉल:
धागा काढणाऱ्या ताईंनी दीड तास सांगितला आहे आणि आपण तीन तासांहून अधिक वेळ लागणारी मालिका सुचवत आहात. शिवाय ताऱ्यांच्या संख्येवरून नवख्या माणसाला काहीही कळत नाही. तारे पाहून मॅच निवडणारा प्रेक्षक मॅच पाहण्याऐवजी तिचे गुण तपासत बसतो, हे माझे ठाम मत आहे.

पंचताऱ्यांपलीकडे:
तारे हे मत आहे आणि ते मत म्हणूनच मी सांगितले. ज्यांना चांगल्या गोष्टीसाठी एक रविवार मोकळा ठेवता येत नाही, त्यांच्यासाठी मी माझा सल्ला लहान करणार नाही.

मधली वेटाळणी:
माझा अनुभव येथे उपयोगी पडेल असे वाटते. मला रेसलिंगची ओळख करून देताना एका मैत्रिणीने सर्वांत आधी जून १९९८ मधली अंडरटेकर आणि मॅनकाइंड (म्हणजे मिक फोली) यांची हेल इन अ सेल मॅच दाखवली होती. पिंजऱ्याच्या छतावरून मिक फोली खाली कोसळताना पाहून मला त्याच्याविषयी इतकी काळजी वाटली, की कथेकडे माझे लक्षच गेले नाही, आणि त्यानंतर बराच काळ मी रेसलिंगकडे वळले नाही. म्हणून उड्या नकोत ही ताईंची अट अगदी योग्य आहे, आणि त्याच कारणाने मला ऑस्टिनच्या मॅचमधल्या रक्ताविषयीही शंका वाटते. मॅटवर खेळलेल्या माणसाला शरीराच्या एका भागावर चाललेले पद्धतशीर काम चटकन कळेल, म्हणून माझी सूचना २२ ऑगस्ट २०१५ च्या एनएक्सटी टेकओव्हर ब्रुकलिनमधली साशा बँक्स विरुद्ध बेली ही आहे. बेलीचा हात दुखावलेला असतो. साशा तिला आपल्या होल्डमध्ये अडकवते, बेली दोरीकडे हात नेते, आणि साशा होल्ड न सोडता त्याच हातावर पाय देते. साशा कोण आहे हे सांगायला त्या एका क्षणानंतर एका शब्दाचीही गरज उरत नाही. मॅच वीस मिनिटांच्या आत संपते.

हुकलेला पिन:
माझेही मत ब्रेट विरुद्ध ऑस्टिन. बावीस मिनिटांत दोघांच्या भूमिका उलटतात, हे दुसरीकडे पाहायला मिळत नाही.

टेपसंग्राहक:
मगाशी एक गोष्ट लिहायची राहिली. सॅव्हेज आणि स्टीमबोट यांनी आपली मॅच आधी बारकाईने आखून पाठ केली होती, तर फ्लेअर आणि स्टीमबोट रिंगमध्ये गर्दीचा कल पाहून पुढची चाल ठरवत असत. माझ्या मते दुसरी पद्धत श्रेष्ठ आहे, कारण तिच्यात प्रेक्षकही मॅचचा भागीदार असतो.

शार्पशूटर:
आखलेली असो वा नसो, पाहणाऱ्याला ती आखलेली वाटू नये, इतकीच माझी अपेक्षा असते. सॅव्हेजने आखणी केली म्हणून त्या मॅचचे मोल कमी होत नाही. उलट अठ्ठ्याहत्तर की त्र्याण्णव हजार, गर्दीच्या ज्या आकड्यावरून आजही वाद होतात, तेवढ्या प्रचंड गर्दीपुढे कुठेही न अडखळता ती पार पडली, यातच तिचे यश आहे.

काळी टोपी:
रेसलमेनिया २५ मधली अंडरटेकर विरुद्ध शॉन मायकल्स ही मॅच कोणी सुचवली नाही याचे आश्चर्य वाटते. सुमारे अर्ध्या तासाची ती मॅच एकाच प्रश्नावर उभी आहे, तो म्हणजे स्ट्रीक, अर्थात रेसलमेनियात कधीही न हरण्याची अंडरटेकरची मालिका, मोडेल का? अंडरटेकरच्या टूमस्टोन या फिनिशरनंतर मायकल्स तीनच्या मोजणीत दोनच्या पुढे खांदा उचलतो, तेव्हा अंडरटेकरचा चेहरा कॅमेरा टिपतो, तो क्षण कोणालाही पटावा. मात्र पाच वर्षांनी, ६ एप्रिल २०१४ रोजी रेसलमेनिया ३० मध्ये, तोच स्ट्रीक ब्रॉक लेसनरला देऊन टाकला गेला, हा निर्णय मला अजूनही मान्य नाही. जो आधीच सर्वांत मोठा होता त्याला आणखी मोठे करून काय साधले? तो विजय एखाद्या तरुण रेसलरला मिळाला असता, तर त्याच्या पुढच्या दहा वर्षांची सोय झाली असती.

नियरफॉल:
येथे मी असहमत आहे. त्या विजयाचा उपयोग केला गेला. चार महिन्यांनी समरस्लॅम या कार्यक्रमात लेसनरने जॉन सीनाला सोळा जर्मन सुप्लेक्स मारून ज्या रीतीने पराभूत केले, ती रीत लोकांना पटली, कारण स्ट्रीक मोडणारा माणूस समोर होता. वाया गेलेला विजय पाहायचा असेल तर २७ डिसेंबर १९९८ चे स्टारकेड (प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूचा कार्यक्रम) पाहावे. गोल्डबर्गची अपराजित मालिका केव्हिन नॅशने मोडली, तीही स्कॉट हॉलने विजेचा झटका देणारे उपकरण वापरल्यामुळे, आणि आठ दिवसांनी नॅशने हल्क होगनच्या एका बोटाच्या स्पर्शाने खाली पडून तेच विजेतेपद त्याच्या स्वाधीन केले. महिनोन्महिने जपलेला विश्वास एका आठवड्यात खर्च झाला.

काळी टोपी:
सीनाला हरवण्यासाठी लेसनरला स्ट्रीकची गरजच नव्हती. २०१२ मध्ये परतल्यावर पहिल्याच मॅचमध्ये त्याने सीनाला रक्तबंबाळ केले होते, तेव्हाच तो तेवढा भयंकर वाटत होता. स्टारकेड चुकीचे होते म्हणून हा निर्णय बरोबर ठरत नाही.

तिसरी दोरी:
आपण सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. २०१४ चा विषय निघालाच आहे तर विचारते. त्याच रात्रीच्या डॅनियल ब्रायनच्या दोन मॅच दाखवल्या तर कसे होईल? सुरुवातीला ट्रिपल एचविरुद्ध, आणि शेवटी रँडी ऑर्टन व बॅटिस्टाविरुद्ध.

शार्पशूटर:
मी तसे सुचवणार नाही. ती कथा ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू होते. ब्रायन समरस्लॅममध्ये सीनाला हरवून विजेता होतो, रेफरी असलेला ट्रिपल एच त्याच क्षणी त्याला पेडिग्री हा आपला फिनिशर मारतो आणि ऑर्टन विजेतेपद उचलतो. पुढचे आठ महिने माहीत नसले तर रेसलमेनियाच्या शेवटाला काय अर्थ उरतो?

पंचताऱ्यांपलीकडे:
शिवाय आधीची योजना वेगळी होती. जानेवारीच्या रॉयल रंबलमध्ये (तीस रेसलर एकामागून एक उतरतात ती मॅच) ब्रायनला घेतलेच नाही म्हणून प्रेक्षकांनी तिसाव्या क्रमांकावर आलेल्या रे मिस्टिरिओचीही हुर्यो उडवली, आणि त्यानंतर पुढची दिशा बदलली. लोकांनी बदलायला लावलेल्या निर्णयाला उत्तम बुकिंग म्हणून दाखवणे मला योग्य वाटत नाही.

हुकलेला पिन:
मलाही वाटते की ब्रेट आणि ऑस्टिनच दाखवावेत.

मधली वेटाळणी:
पार्श्वभूमी मोठी आहे हे खरे. तरीही ब्रायनच निवडायचा असेल तर पहिली मॅच वगळू नये. तिथे ट्रिपल एच त्याच्या खांद्यावर जे काम करतो आणि मॅचनंतर खुर्चीने जे करतो, त्यावरच शेवटची मॅच उभी आहे. आणि काहीही झाले तरी भावाला निकाल आधी कळू देऊ नका.

तिसरी दोरी:
माझा निर्णय झाला आहे आणि तो येथील बहुतेकांच्या मताविरुद्ध आहे. मी ब्रायनच्याच दोन मॅच दाखवणार आहे. दोन्ही मिळून साधारण पन्नास मिनिटे होतात, त्यामुळे भावाला प्रश्न विचारायला पुरेसा वेळ उरतो. आठ महिन्यांची कथा मी चार वाक्यांत सांगू शकते. कंपनी चालवणाऱ्यांना तो विजेता म्हणून नको आहे. लोकांना तोच हवा आहे. आज पहिली मॅच जिंकला तरच त्याला शेवटच्या मॅचमध्ये जागा मिळेल. आणि त्याचा खांदा दुखावलेला आहे.

लोकांनी योजना बदलायला लावली, हा आक्षेपही मी भावाला सांगणार आहे, कारण मला तो आक्षेप वाटतच नाही. मॅटवर गर्दीच्या आवाजाने गुण बदलत नाहीत. येथे मात्र हजारो लोक महिनोन्महिने नकार देत राहिले आणि ठरलेले बदलावे लागले. निकाल कोणीतरी लिहितो हे खरे असले, तरी लिहिणाऱ्याला समोरच्यांचे ऐकावे लागते, ही गोष्ट त्याने कधी विचारात घेतलेली नाही.

आणि निकाल मी त्याला सुरुवातीलाच सांगणार आहे. ब्रायन दोन्ही मॅच जिंकतो, शेवटी बॅटिस्टा त्याच्या होल्डमध्ये हार मानतो, हे सर्व मी आधी सांगेन. त्याचा मुद्दा निकाल ठरलेला असण्याचाच आहे, तर मी तो लपवून त्याला फसवल्यासारखे होईल. शेवटच्या मॅचमध्ये ब्रायनला स्ट्रेचरवर बांधून बाहेर नेऊ लागतात आणि तो त्यावरून उठतो. तो जिंकणार हे मला तेव्हाही ठाऊक असते आणि तरीही मी दर वेळी खुर्चीच्या कडेला येते. भावालाही तसेच होते का, ते मला पाहायचे आहे.

मधली वेटाळणी:
निकाल सांगण्याविषयी मी अजूनही असहमत आहे, पण कारण समजले. दोन मॅचच्या मध्ये अंडरटेकरची मॅच दाखवणार नाही ना? स्ट्रीक मोडल्यावर सभागृहात पसरलेल्या सुन्नपणाचा परिणाम शेवटच्या मॅचवर होतो, पण नवख्याला तो समजणार नाही.

तिसरी दोरी:
नाही, ती पूर्णपणे वगळणार आहे. पहिली मॅच संपली की खुर्चीचा हल्ला पूर्ण दाखवेन आणि तेथून थेट शेवटच्या मॅचच्या प्रवेशावर जाईन.

टेपसंग्राहक:
ठीक आहे. मात्र संध्याकाळी चाळीस मिनिटे उरत असतील, तर स्टीमबोट विरुद्ध सॅव्हेज त्यात सहज बसते.