आर्काइव्हची यादी आधी की धावणं आधी?

टेकडीवाला
मी पुण्यात पोस्टडॉक आहे, पल्सारवर, म्हणजे गरागरा फिरत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांवर काम करतो. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायची आहे. अडचण ऐकून बाकीचे हसतील, पण खगोलवाल्यांना कळेल. आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावरच्या नव्या पेपरांची यादी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला लागते. सध्या तिकडे उन्हाळी वेळ, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. मी वेताळ टेकडीवर जायला बुटाच्या नाड्या बांधतो, नेमकी तेव्हाच. 'नुसती शीर्षकं बघू' म्हणून पलंगाच्या कडेला टेकलं की एक बूट पायात, एक हातात आणि सव्वासहा वाजलेले.

खगोलाच्या सहाही विभागांचे मिळून सत्तर-ऐंशी नवे पेपर सहज निघतात. मंगळवारी त्याहून जास्त, कारण तिकडची शुक्रवार दुपार ते सोमवार दुपार अशी सगळी आवक त्या दिवशी येते. आणि माझ्या प्लॅनमध्ये टेम्पो रन, म्हणजे सलग वेगात पळायचा सराव, मंगळवारीच!

न बघता निघालो तर टेकडीभर डोक्यात एकच किडा: आपलाच विषय कुणी छापून मोकळं झालं असेल तर? पेपर मोठ्याने वाचून दाखवणारी अॅप्स आहेत म्हणे. कानात ते लावून पळणारं कुणी आहे का इथे?

शिफ्टड्यूटी
तुझा विषय कुणी छापला असेल तर तो साडेपाचलाही छापलेला आणि आठलाही छापलेलाच. मधल्या वेळात तू त्याचं काय करणार आहेस? जा, पळून ये.

माझं रडगाणं वेगळं आहे. मी दीर्घिकासमूहांवर (गॅलेक्सींच्या झुंडींवर) काम करते, निरीक्षणं खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर. नातेवाइकांना अजून वाटतं की मी रात्रभर जागून दुर्बिणीला डोळा लावते. रेडिओला दिवस काय नि रात्र काय, ढगसुद्धा चालतात. पण कुठलाही स्रोत रोज चार मिनिटं लवकर उगवतो, महिन्याला दोन तास. ययाती या तारकासमूहातला दीर्घिकासमूह ऑगस्टच्या मध्यात पहाटे सहाच्या सुमारास माथ्यावर येतो, ऑक्टोबरच्या मध्यात रात्री दोनला. ज्या महिन्यात निरीक्षणाची वेळ मिळेल तशी झोप सरकते आणि झोपेमागून पळणं. 'रोज साडेपाचला' म्हणणाऱ्यांचा मला हेवा वाटतो.

खोडदला मुक्काम असला की मी नारायणगावच्या दिशेने पळते. दोन्ही बाजूंना द्राक्षं, टोमॅटो, मध्येच क्रेट लादलेला टेम्पो अंगावर येतो. घड्याळ खोलीवरच ठेवते. ब्लूटूथही रेडिओ लहरीच, त्यामुळे दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्यांशेजारून ते मिरवत जायची मला लाज वाटते. त्यामुळे पेस किती ते विचारू नकोस.

वाचनाचं म्हणशील तर यादी पोह्यांसोबत. शीर्षकांवरून भरभर नजर, मोजक्या पेपरांचे सारांश, आणि एकच पेपर छापून घ्यायचा. तो दुपारी चारनंतर, जेव्हा कोड लिहायला डोकं चालत नाही. आधी आकृत्या, मग डेटा कुठला नि किती तासांचा, मग त्रुटीची मापं कशी काढली. प्रस्तावना बहुतेक वेळा वगळते, सगळ्यांची सारखीच असते. म्हणूनच कानात पेपर ही कल्पना मला पटत नाही. आकृतीखालचा मजकूर ऐकू येईल, आकृती कशी ऐकणार? सेमिनारचं रेकॉर्डिंग हळू पळताना चालतं, तेही वक्ता बरा असेल तर.

आणि एक विचारते. तू त्या साडेअकरावाल्यांपैकी आहेस का? तिकडे दुपारी दोनला त्या दिवसाचं दार बंद होतं आणि दोन वाजून काही सेकंदांनी दिलेला पेपर पुढच्या यादीत सगळ्यात वर येतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा. वरच्या पेपरांना पुढे उद्धरणं (इतरांच्या पेपरांतले संदर्भ) जास्त मिळतात हे अभ्यासातून दिसलंय, त्यामुळे लोक बटणावर बोट ठेवून बसतात. तसं करणार असशील तर दुसऱ्या दिवशीची टेकडी विसर.

यवतेश्वरी
पेपरातलं काही कळत नाही, मी बँकेत आहे. पण मंगळवारी गर्दी असते तर टेम्पो बुधवारी घे की! शाळेचं वेळापत्रक आहे का ते?

साताऱ्याचं मात्र सांगते. पहिले दहा किलोमीटर चढ, लोक त्यालाच घाबरतात. मांड्या जातात त्या उतरताना. वेताळ टेकडीचा उतार फार लवकर संपतो. एखाद्या रविवारी इकडे येऊन घाट उतरून बघ.

इसारकाठ
आमच्याकडे जर्मनीत, म्युनिकजवळ गार्खिंगला यादी रात्री दोनला येते, त्यामुळे हा पेचच नाही. सकाळी इसारच्या काठाने पळून ऑफिसला. मग कॉफीला सगळे जमतात आणि प्रत्येकाने एका पेपराबद्दल पाच मिनिटं बोलायचं. सत्तर पेपर एकट्याने उपसण्यापेक्षा हे बरं. तुमच्याकडेही चार टाळकी जमतील. आणि दोन्ही जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी: २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले वोल्फगांग केटर्ले २०१४ ला बोस्टन मॅरेथॉन २ तास ४४ मिनिटांत पळाले.

शिफ्टड्यूटी
ते अतिथंड अणूवाले आहेत. त्यांचे अणू रोज चार मिनिटं लवकर उगवत नाहीत.

टेकडीवाला
ताई, ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झला, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झला चालतं आणि जीएमआरटीचं ऐकणं १४५० मेगाहर्ट्झलाच संपतं. घड्याळ बिनधास्त घाला. :)

साडेअकरावाला मी नाही, माझा गाइड आहे. टेम्पो बुधवारी नेला. हे आधी का सुचलं नाही विचारू नका. फोन आता स्वयंपाकघरात चार्जिंगला, पळून आल्याशिवाय हात लावायचा नाही. कॉफीचं ग्रुपवर टाकलंय, दोघांनी होकार दिला, तिसऱ्याने 'बिस्किटं कोण आणणार' विचारलंय.

यवतेश्वरी, पुढच्या रविवारी येतो. शनिवार-रविवार यादी नसते, त्यामुळे डोकंही रिकामं असेल. गाडी कुठे लावू?

यवतेश्वरी
समर्थ मंदिराच्या आसपास. सहाच्या आत ये, नंतर कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. आणि वर धुकं असतं, भडक रंगाचा टी-शर्ट घाल.