क्लच घसरला की लगेच प्लेटा बदलायच्या?

लोखंडी_३५०:
वडिलांची १९८४ची बुलेट मी अजून रोज चालवतो. पावसाळ्याआधी दिवे घाटात तिसऱ्या गिअरला इंजिनाचा आवाज चढू लागला, वेग मात्र तेवढाच. पेठेतल्या एका गॅरेजवाल्याने हात न लावताच सांगितलं, "क्लचच्या प्लेटा गेल्या." नाना पेठेतून नवा सेट आणून बसवला. पंधरा दिवसांत दुखणं परत! घरी बघितलं तर लिव्हरला सूतभरही खेळ, म्हणजे दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल, नाही. म्हणजे क्लच कायम थोडा दाबलेलाच. गिअरबॉक्सच्या उजव्या कव्हरवरचं छोटं झाकण काढलं, लॉकनट सैल केला, स्क्रू पुशरॉडला (क्लच सोडवणाऱ्या दांडीला) टेकवून अर्धा फेर मागे घेतला आणि लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर खेळ ठेवला. तेव्हापासून एकदाही घसरलेला नाही. माझं मत ठाम आहे : आधी खेळ बघा, प्लेटांना हात सगळ्यात शेवटी.

ग्रीसचे_हात:
दादा, अजिबात पटलं नाही. खेळ कमी का झाला, हे विचारलंत का? केबल ताणली तर खेळ वाढतो. प्लेटा झिजल्या की त्यांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट आत सरकते, पुशरॉडला टेकते आणि खेळ संपतो. तुमच्या नव्या प्लेटा पहिल्या काही दिवसांत बसल्या, म्हणून खेळ गेला. गॅरेजवाल्याचं निदान बरोबर असू शकतं. त्याने तुम्हाला आठवड्याने परत बोलावलं नाही, ती खरी चूक. दरवेळी स्क्रू फिरवून चालवत राहिलात तर झीज झाकली जाते. डावीकडचं चेनकेसचं, म्हणजे क्लच ज्या डब्यात असतो त्याचं, कव्हर एका मोठ्या नटावर असतं. उघडून बघायला किती वेळ लागतो?

लोखंडी_३५०:
खेळ कशाने जातो, हा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण माझ्या जुन्या प्लेटा मी जपून ठेवल्यात. अस्तराची जाडी नव्यांइतकीच आहे, जळका वासही नाही. चांगल्या प्लेटा फेकल्या गेल्या असत्या. उघडायला माझा विरोध नाही, न बघता बदलायला आहे.

नळस्टॉप_सिग्नल:
दोघंही फक्त घसरण्यावर बोलताय. माझा क्लच सुटतच नाही. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, पहिला टाकला की "खाड्". खेळ अगदी बरोबर आहे.

ग्रीसचे_हात:
हे उघडल्याशिवाय कळणारच नाही. कव्हर काढा, कुणाला तरी लिव्हर दाबायला सांगा आणि प्रेशर प्लेटकडे नीट बघा. एका बाजूने आधी उचलली जात असेल तर स्प्रिंगा कमी-जास्त झाल्यात. प्लेटांच्या दात्यांनी ड्रमवर खाचा पाडल्या असतील तर प्लेटा तिथेच अडकतात. आणि रात्रभर उभी गाडी सकाळी चिकटत असेल, तर चालू करण्याआधी क्लच दाबून दोन किका मारा, प्लेटा सुटतात.

लोखंडी_३५०:
चेनकेसमध्ये कोणतं ऑइल आहे, तेही बघा. त्याचा इंजिन ऑइलशी संबंध नाही, वेगळं भरावं लागतं. कारचं इंधन वाचवणारं ऑइल नको, त्यातल्या द्रव्यांनी क्लच घसरू शकतो. डब्यावर जासो एमए (JASO MA, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं घ्या.

सिंहगड_रोड_ताई:
माझी किक अधूनमधून रिकामी जाते. मेकॅनिक म्हणतो, क्लच घसरतोय. खरं असेल का?

ग्रीसचे_हात:
असू शकतं ताई, बुलेटमध्ये किकचा जोर क्लचमधूनच इंजिनाला जातो. पण आधी खात्री करा. इंजिन बंद, टॉप गिअर, क्लच सोडलेला, आणि गाडी ढकला. चाकाबरोबर इंजिन फिरलं तर क्लच धरतोय.

सिंहगड_रोड_ताई:
आत्ताच भावाला घेऊन पार्किंगमध्ये ढकलली. कॉम्प्रेशनला अडली, मग इंजिन फिरलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

लोखंडी_३५०:
मग प्लेटांचे पैसे देऊ नका. उजवं कव्हर उघडून किकचा कुत्ता (किक मारताना दात्यांत अडकणारा खटका) आणि त्याचे दाते तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

ग्रीसचे_हात:
इथे मात्र दादांशी सहमत. आधी कुत्ता बघा.