मदत हवी आहे: फवारणी करणाऱ्या गड्याला उन्हात घालता येईल असं किट कुठलं घ्यावं?

नमस्कार मंडळी. परभणीकडं आमचा कापूस आहे, फवारणी सगळी सालगडी करतो. पाडव्यापासून कामाला आहे, माणूस लई गुणाचा, पण मास्क-हातमोजे दिले की "जीव गुदमरतो मालक" म्हणून बांधावर काढून ठेवतो आणि तोंडाला ओला गमछा बांधतो. त्याचंही खोटं नाही, कापूस छातीच्या वर गेलाय, आत शिरलं की वारंच लागत नाही.

परवा पंप उतरवला तर शर्ट पाठीला चिकटलेला, मला वाटलं घाम असंल, वास घेतला तर औषध! पंपाच्या झाकणाचं वायसर गेलेलं. रात्री डोकं दुखायलंय, मळमळायलंय म्हणाला, दवाखान्यात नेलं, आता बरा आहे. पण २०१७ ला यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली ते आठवून घरात सगळ्यांनी धसका घेतलाय.

तर कुणी वापरलेलं किट सांगा, दुकानदार सांगतो ते नको, तो चार औषधं एकत्र मारा म्हणून पण सांगतो. आणि शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत सालगडी बसतो का?

प्रतिसाद १: दादा, आधी वायसर बदला, मास्क नंतर. ही औषधं नाकापेक्षा कातडीतून जास्त भिनतात. पाठीवर पंपाखाली जाड प्लास्टिकचा कागद बांधा, हातात रबरी मोजे, पायात गमबूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. ओला गमछा बंद करा, तो औषध धरून ठेवतो. फवारणी सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर, वारा पाठीवर घेऊन. साबणानं हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू देऊ नका, आमच्याकडं निम्मं विष तिथूनच जातं.

डब्यावरचा त्रिकोण बघा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि दवाखान्यात जाताना डबा सोबत न्या, प्रोफेनोफॉससारखं कीटकनाशक असलं तर उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात, डॉक्टरला नाव कळलं पाहिजे.

प्रतिसाद २: योजनेत सातबारावाला आणि त्याच्या घरातला एक जण, एवढंच. मृत्यू झाला तर २ लाख. गड्याच्या नावावर जमीन नसंल तर त्यात बसत नाही. बँकेत त्याचं खातं असंल तर २० रुपयेवाला पंतप्रधान सुरक्षा विमा काढून द्या, तोही २ लाखाचाच आहे.

धागाकर्ता: वायसर आजच आणतो. खातं आहे त्याचं, बँकेत घेऊन जातो. कापूस एवढा वाढल्यावर लांब दांडीचा नोझल कुणी वापरलाय का, औषध अंगावर कमी येतं का त्यानं?